२^१२७ − १ : एका मूळ संख्येच्या अभ्यासाच्या प्रकल्प नोंदी

७ जुलै २०२५

या प्रकल्पाचा विषय एकच संख्या आहे: २^१२७ − १. नोंदींमध्ये तिला ‘म’ म्हटले असून ^ हे चिन्ह घातासाठी वापरले आहे. दशमान पद्धतीत ती ३९ अंकी आहे आणि तीन-तीन अंकांचे गट पाडले तर अशी दिसते:

१७० १४१ १८३ ४६० ४६९ २३१ ७३१ ६८७ ३०३ ७१५ ८८४ १०५ ७२७

फ्रेंच धर्मगुरू मारँ मर्सेन यांनी १६४४ मध्ये २^घ − १ या रूपातील मूळ संख्यांची यादी दिली. घातांक २५७ पर्यंत घेतले तर त्यांच्या मते २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ एवढ्याच घातांकांना मूळ संख्या मिळते. पुढे ६७ आणि २५७ हे दोन घातांक चुकीचे ठरले, आणि ६१, ८९, १०७ हे तीन यादीत असायला हवे होते ते राहून गेले होते. १२७ मात्र बरोबर होता. एदुआर ल्युका यांनी ते १८७६ मध्ये सिद्ध केले, आणि त्यानंतर १९५१ पर्यंत, म्हणजे पाऊणशे वर्षे, माहीत असलेल्या मूळ संख्यांत म हीच सर्वांत मोठी होती. आज तो मान २^१३६२७९८४१ − १ या संख्येकडे आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या त्या संख्येत ४,१०,२४,३२० अंक आहेत.

त्या नव्या संख्येऐवजी म निवडण्याचे कारण सरळ आहे. ती एका ओळीत लिहिता येते आणि तिच्याबद्दलचे प्रत्येक विधान साध्या संगणकावर, काही विधाने तर कागदावरही, पुन्हा तपासता येतात. ‘ही संख्या मूळ आहे’ हे प्रोग्रॅमने सांगितले म्हणून मान्य करायचे नाही, त्यामागची प्रत्येक पायरी समजली पाहिजे, हा या कामाचा दंडक ठरवला आहे.

९ जुलै २०२५

वरचे ३९ अंक बरोबर उतरवले आहेत की नाहीत, हे आधी पाहिले. १००० ला १००१ ने भागले तर बाकी −१ मानता येते, म्हणून तीन अंकी गटांची उजवीकडून एकाआड एक अधिक-उणे बेरीज केली की संख्येला १००१ ने भागल्यावरची बाकी मिळते. ७२७ − १०५ + ८८४ − ७१५ + ३०३ − ६८७ + ७३१ − २३१ + ४६९ − ४६० + १८३ − १४१ + १७० ही बेरीज ११२८ येते, आणि ११२८ मधून १००१ गेले की १२७ उरतात.

आता हीच बाकी अंकांकडे न पाहता काढू. १००१ म्हणजे ७ × ११ × १३. २ च्या घातांच्या बाक्या या तिघांपाशी अनुक्रमे ३, १० आणि १२ पावलांनी पुन्हा सुरू होतात, म्हणून तिघांपाशी मिळून ६० पावलांनी. १२७ मधून १२० वजा केले की ७ उरतात, तेव्हा २^१२७ ची बाकी २^७ एवढी, म्हणजे १२८, आणि म ची बाकी १२७. घातांक स्वतःच बाकी म्हणून समोर येतो हा योगायोग असला तरी पाहताना आनंद होतो.

दुसरी कसोटी ९९९ ची. येथे गटांची सरळ बेरीज करायची: ती ५८०६ येते आणि ९९९ ने भागल्यावर ८११ उरतात. दुसऱ्या बाजूने २ च्या घातांचे चक्र ९९९ पाशी ३६ चे आहे, १२७ मधून १०८ गेले की १९ उरतात, २^१९ = ५२४२८८, त्यातील ५२४ आणि २८८ मिळून ८१२, आणि एक वजा केल्यावर ८११.

दोन्ही कसोट्या उतरल्या तरी एक फट राहते: एक गट मध्ये सोडून असलेल्या दोन गटांची अदलाबदल झाली, तर या दोन्ही बेरजांना ते कळणार नाही. त्यामुळे २ ने सलग दुप्पट करत जाऊनही संख्या स्वतंत्रपणे काढली आणि अंक जुळवले.

१२ जुलै २०२५

भाजक शोधून म चा निकाल लावता येईल का, याचा आज विचार केला. घातांक स्वतः मूळ असेल तर २^घ − १ च्या मूळ भाजकांवर दोन कडक अटी येतात: भाजकाला २घ ने भागल्यावर १ उरला पाहिजे, आणि ८ ने भागल्यावर १ किंवा ७ उरले पाहिजेत. आपल्या संख्येसाठी भाजक २५४क + १ या रूपाचा हवा आणि क ला ४ ने भागून ० किंवा १ उरायला हवे. या चाळणीतून पहिल्या उतरतात २५५, १०१७, १२७१ आणि २०३३, पण यांतील एकही मूळ नाही: २५५ ला ५ ने भाग जातो, १०१७ ला ३ ने, १२७१ म्हणजे ३१ × ४१ आणि २०३३ म्हणजे १९ × १०७. म्हणजे तपासण्याजोगा पहिला भाजक थेट २२८७ आहे. त्याच्याखालच्या कोणत्याही मूळ संख्येने म ला भाग जात नाही, हे एकही भागाकार न करता कळते.

२२८७ ची तपासणी हाताने केली. १२७ ही द्विमान पद्धतीत सात एकांची संख्या आहे, म्हणून घातांक १, ३, ७, १५, ३१, ६३, १२७ असा चढतो. प्रत्येक पायरीला आधीच्या उत्तराचा वर्ग करायचा आणि त्याची दुप्पट करायची. २^७ = १२८. त्याचा वर्ग १६३८४, बाकी ३७५, दुप्पट ७५०; ही २^१५ ची बाकी. ७५० चा वर्ग ५६२५००, बाकी २१८५, म्हणजे −१०२, दुप्पट −२०४; ही २^३१ ची. −२०४ चा वर्ग ४१६१६, बाकी ४५०, दुप्पट ९००. ही २^६३ ची. ९०० चा वर्ग ८१००००, बाकी ४०२, दुप्पट ८०४. म्हणजे २^१२७ ची बाकी ८०४ आणि म ची ८०३. भाग जात नाही.

वर्ग आणि दुप्पट यांच्या आधारे २ चा मोठा घात काढण्याची ही रीत पिंगलाच्या छंदःशास्त्रात वृत्तांची संख्या मोजण्यासाठी सांगितली आहे. ती येथे जशीच्या तशी उपयोगी पडते, याची नोंद मुद्दाम करून ठेवतो.

आता या मार्गाचा आवाका. म चे वर्गमूळ सुमारे १.३ × १०^१९ आहे. चाळणीतून उतरणाऱ्या क च्या किमती तेथपर्यंत सुमारे २५,७०० लाख कोटी भरतात. सेकंदाला १० कोटी किमती तपासणारे यंत्र हाती असले तरी आठ वर्षांहून अधिक काळ लागेल, आणि शेवटी हाती येईल तो ‘भाजक सापडला नाही’ एवढा नकार. भाजक शोधण्याचा मार्ग येथे सोडला.

१५ जुलै २०२५

फर्माच्या छोट्या प्रमेयावर आधारलेली कसोटी (न मूळ असेल तर पाया म्हणून घेतलेल्या संख्येच्या न − १ व्या घाताला न ने भागून १ उरला पाहिजे) पाया २ घेऊन म वर चालवणे व्यर्थ आहे, हे नोंदवून ठेवणे आवश्यक वाटते. म च्या शेषगणितात, म्हणजे म ने भागल्यावरच्या बाक्याच तेवढ्या पाहिल्या तर, २^१२७ म्हणजे १, आणि १२७ ने म − १ ला भाग जातो. त्यामुळे २^(म−१) ची बाकी १ येणारच. मूळ घातांकाच्या प्रत्येक मर्सेन संख्येबाबत (२^घ − १ या रूपाच्या संख्येबाबत) हेच घडते, ती संयुक्त असली तरीही. २^११ − १ = २०४७ = २३ × ८९ ही संख्यासुद्धा या कसोटीत उत्तीर्ण होते. म्हणूनच आज प्रचंड मर्सेन संख्यांची प्राथमिक चाचणी पाया ३ घेऊन करतात.

१९ जुलै २०२५

ल्युका यांच्या कसोटीचे आज सर्वमान्य असलेले रूप डी. एच. लेमर यांनी १९३० मध्ये दिले. ४ पासून सुरुवात करायची आणि प्रत्येक वेळी आधीच्या संख्येच्या वर्गातून २ वजा करायचे: ४, १४, १९४, ३७६३४ आणि पुढे. घातांक घ ही विषम मूळ संख्या असेल तर घ − २ पायऱ्यांनंतर येणाऱ्या संख्येला २^घ − १ ने पूर्ण भाग गेला तर, आणि तरच, ती मर्सेन संख्या मूळ आहे. १२७ साठी अशा १२५ पायऱ्या होतात. १२ जुलैच्या २५,७०० लाख कोटींच्या जागी १२५.

मोठ्या संख्येकडे जाण्यापूर्वी घ = ७, म्हणजे १२७ हीच संख्या, कागदावर तपासली. १२७ ने भागण्याची गरजच पडत नाही, कारण १२८ ची बाकी १ आहे. संख्येत १२८ किती वेळा बसतात ते पाहून तेवढे उरलेल्या भागात मिळवायचे. ४ पासून १४. मग १९४ = १ × १२८ + ६६, म्हणून ६७. ६७ चा वर्ग उणे २ म्हणजे ४४८७ = ३५ × १२८ + ७, म्हणून ४२. पुढे १७६२ = १३ × १२८ + ९८, म्हणून १११. शेवटी १२३१९ = ९६ × १२८ + ३१, बेरीज १२७, म्हणजे शून्य. पाचव्या पायरीला शून्य आले, १२७ मूळ ठरली.

शून्य आले की संख्या मूळच का, याची सिद्धता लहान आहे आणि ती समजल्याशिवाय पुढे जायचे नाही असे ठरले होते. २ + √३ आणि २ − √३ यांचा गुणाकार १ आहे, आणि क्रमातील प्रत्येक संख्या म्हणजे या दोघांच्या एकाच घाताची बेरीज. तो घात दर पायरीला दुप्पट होतो. १२५ व्या पायरीला शून्य आले, याचा अर्थ म च्या शेषगणितात (२ + √३) चा २^१२६ वा घात −१ आहे आणि २^१२७ वा घात १ आहे. आता म ला तिच्या वर्गमूळाहून मोठा नसलेला एखादा मूळ भाजक भ आहे असे मानू. भ च्या शेषगणितात √३ मिळवून जी रचना तयार होते, तिच्यात उलटता येणाऱ्या संख्या फार तर भ^२ − १ असतात, म्हणून कोणत्याही संख्येचे चक्र त्याहून लांब असू शकत नाही. पण २ + √३ चे चक्र तर नेमके २^१२७ लांबीचे आहे, आणि भ^२ − १ ही म − १ पेक्षा, म्हणजे २^१२७ − २ पेक्षा, मोठी असू शकत नाही. विसंगती आली, तसा भाजक नाही. या सिद्धतेत म चे अवयव शोधण्याचा प्रयत्न कोठेही नाही. म + १ ही २ ची शुद्ध घातसंख्या आहे, एवढ्या एका गोष्टीवर सगळे तोलले आहे.

२० जुलै २०२५

पायथॉनमध्ये प्रोग्रॅम लिहून १२५ पायऱ्या चालवल्या. काल १२८ च्या जोरावर केलेली युक्ती येथे २^१२७ च्या जोरावर चालते: १२७ बिटांच्या संख्येचा वर्ग २५४ बिटांत मावतो, त्याचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्यात मिळवला की बाकी तयार. भागाकार एकदाही करावा लागत नाही. उत्तर डोळ्यांची पापणी लवण्याआधी आले, आणि ते शून्य होते. चौथ्या पायरीपर्यंतच्या संख्या हाताने काढून प्रोग्रॅमच्या उत्तरांशी जुळवल्या.

हेच काम ल्युका यांनी यंत्राशिवाय केले. त्यांनी द्विमान अंकांतील गुणाकार १२७ × १२७ घरांच्या, बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटीवर सोंगट्या मांडून करण्याची पद्धत वर्णन केली आहे. म च्या बाबतीत वरच्या भागाचे अंक खाली आणणे म्हणजे सोंगट्या फक्त सरकवणे, त्यामुळे अशी चौकट या संख्येसाठी स्वाभाविक साधन ठरते. हनोईच्या मनोऱ्याचे कोडे याच गणितज्ञाने १८८३ मध्ये प्रसिद्ध केले, आणि १२७ चकत्यांचा मनोरा हलवायला लागणाऱ्या किमान खेळी नेमक्या म एवढ्या असतात. म मूळ असल्याची पुनर्तपासणी फॉकँबेर्ग यांनी १९१४ मध्ये द्विमान पद्धतीतच केली.

ल्युका यांच्या मूळ कामात सुरुवात ४ ने नसून ३ ने होते: ३, ७, ४७, २२०७. मात्रावृत्तांच्या मोजणीतून विरहांक आणि हेमचंद्र यांनी मांडलेल्या १, २, ३, ५, ८ या क्रमाच्या भावंड-क्रमातील या संख्या आहेत. पहिले दोन पद १ आणि ३ घेऊन आधीच्या दोन पदांची तीच बेरीज करत गेले की हा भावंड-क्रम मिळतो, आणि त्याला आता ल्युका यांचेच नाव आहे. ३ ने केलेली सुरुवात प्रत्येक घातांकाला चालत नाही. घातांकाला ४ ने भागून ३ उरत असतील तरच ती विश्वासार्ह आहे. त्याचे कारणही हाताशी आहे: सुरुवातीच्या संख्येच्या वर्गातून ४ वजा केले की ३ × ३ − ४ = ५, आणि म च्या शेषगणितात ५ ला वर्गमूळ नसणे ही अट आहे. १२७ ला ४ ने भागून ३ उरतात, त्यामुळे म ला ५ ने भागून २ उरतात आणि अट पुरी होते. ४ ने सुरुवात केली तर ४ × ४ − ४ = १२, म्हणजे प्रश्न ३ च्या वर्गमूळाचा येतो, आणि विषम घातांकाच्या सर्व मर्सेन संख्यांना ३ ने भागून १ उरत असल्यामुळे ही सुरुवात सर्वत्र चालते. ३ ने सुरू करूनही १२५ पायऱ्या चालवल्या. शेवटी शून्यच आले.

२४ जुलै २०२५

शून्याच्या आदल्या पायरीवर काय असते, हा आजचा प्रश्न. शेवटचे उत्तर शून्य येण्यासाठी आदल्या संख्येचा वर्ग २ असला पाहिजे. म च्या शेषगणितात २ = २^१२८, म्हणून २ चे वर्गमूळ २^६४ किंवा −२^६४ एवढेच. म्हणजे १२४ पायऱ्या अस्ताव्यस्त ३९ अंकी संख्यांमधून गेल्यावर हा क्रम अखेरीस अतिशय नेटक्या संख्येवर येऊन थांबतो. लहान उदाहरणात हे आधीच दिसले होते: १२७ साठी ४ ने सुरू केल्यावर आदली संख्या १११, म्हणजे −१६ होती, आणि ३ ने सुरू केले तर ३, ७, ४७, ४८, १६, ० असा क्रम येतो, म्हणजे आदली संख्या +१६. अधिक येईल की उणे, हे सुरुवातीच्या संख्येवर ठरते.

एका सुरुवातीसाठी हे चिन्ह आधीच सांगता येते. ती सुरुवात म्हणजे २/३, अर्थात शेषगणितातील भागाकार: ज्या संख्येला ३ ने गुणले की २ मिळते ती संख्या. घातांकाला ४ ने भागून ३ उरत असतील तर आदली संख्या उणे चिन्हाची येते, असे प्रमेय आहे. १२७ च्या उदाहरणात २/३ म्हणजे ४३, आणि क्रम ४३, ६९, ६०, ४२, १११, ० असा येतो, चिन्ह उणेच. म साठी प्रोग्रॅम चालवून १२४ व्या पायरीची संख्या द्विमान अंकांत छापून घेतली. ६२ एक, मग एक शून्य, मग ६४ एक. १११ चे रूपही तसेच: ११०११११. या प्रकल्पातील मला सर्वांत आवडलेली ओळ हीच, कारण मधल्या पायरीत एका बिटाची चूक झाली असती तरी ही ओळ अशी छापली गेली नसती.

म च्या शेषगणितातील २/३ ही (२^१२७ + १) ÷ ३ एवढी संख्या आहे:

५६ ७१३ ७२७ ८२० १५६ ४१० ५७७ २२९ १०१ २३८ ६२८ ०३५ २४३

आणि हीसुद्धा मूळ आहे. बेटमन, सेल्फ्रिज आणि वॅगस्टाफ यांनी १९८९ मध्ये एक तर्क मांडला: विषम घातांक घ साठी, घ हा २^क ± १ किंवा ४^क ± ३ या रूपाचा असणे, २^घ − १ मूळ असणे आणि (२^घ + १) ÷ ३ मूळ असणे, या तिन्हींपैकी दोन गोष्टी खऱ्या असतील तर तिसरीही खरी असते. १२७ = २^७ − १ असल्यामुळे येथे तिन्ही खऱ्या आहेत. तर्क अजून सिद्ध झालेला नाही.

२८ जुलै २०२५

वर्गांसंबंधीचे गुणधर्म. म ला ८ ने भागून ७ उरतात. कोणत्याही वर्गाला ८ ने भागले तर ०, १ किंवा ४ एवढेच उरते आणि यांतील तीन संख्यांची बेरीज कशीही केली तरी बाकी ७ येत नाही. त्यामुळे म दोन वर्गांची तर नाहीच, तीन वर्गांची बेरीजही नाही. कोणतीही संख्या चार वर्गांत मांडता येते या लाग्रांजच्या प्रमेयाने सांगितलेले चारही वर्ग तिला लागतात. दुसऱ्या बाजूने, ३ ने भागून १ उरत असल्यामुळे ती एका वर्गात दुसऱ्या वर्गाची तिप्पट मिळवून लिहिता येते, आणि तेही एकाच प्रकारे. धाकट्या १२७ साठी ते लगेच दिसते: १० × १० + ३ × ३ × ३.

वर्गमूळ काढण्याची सोय तर या संख्येइतकी सुंदर क्वचित सापडेल. ज्या मूळ संख्येला ४ ने भागून ३ उरतात, तिच्या शेषगणितात वर्गमूळ म्हणजे त्या संख्येचा (म + १) ÷ ४ वा घात. येथे तो घातांक २^१२५ आहे. म्हणून एखाद्या संख्येचे वर्गमूळ हवे असेल तर तिचा सलग १२५ वेळा वर्ग करत जायचे. वर्गमूळ असेल तर ते हाती येते, नसेल तर शेवटी वर्ग करून पडताळताना उणे चिन्हाने कळते. ३, ५ आणि ७ या तिन्ही संख्यांसाठी हे करून पाहिले. तिघांनाही वर्गमूळ नाही, आणि वर्गमूळ आहे की नाही हे सांगणाऱ्या गाउस यांच्या द्विघाती व्युत्क्रमतेच्या नियमानेही हेच उत्तर येते.

२ ऑगस्ट २०२५

आतापर्यंतची सिद्धता म + १ वर उभी आहे. तिला अजिबात न वापरता, म − १ च्या बाजूने दुसरी सिद्धता तयार केली, कारण दोन स्वतंत्र वाटांनी एकाच ठिकाणी पोचणे ही खरी पडताळणी आहे. म − १ म्हणजे २ × (२^१२६ − १), आणि १२६ ला भाजक भरपूर असल्यामुळे तिचे अवयव बीजगणितानेच सुटे होतात. ३ येतो २^२ − १ मधून, ७ येतो २^३ − १ मधून, १२७ येतो २^७ − १ मधून, ३३७ येतो २^२१ − १ मधून, ५४१९ येतो २^२१ + १ मधून. सर्व मिळून:

म − १ = २ × ३^३ × ७^२ × १९ × ४३ × ७३ × १२७ × ३३७ × ५४१९ × ९२७३७ × ६४९६५७ × ७७१५८६७३९२९

शेवटचा अवयव मूळ आहे हे पटवण्यासाठी २,७७,७७४ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते, आणि तेवढे काम संगणकाला किरकोळ आहे. मग प्रत्येक मूळ अवयवासाठी असा पाया शोधायचा की ज्याचा (म − १) वा घात १ असेल, पण घातांकाला त्या अवयवाने भागले की घात १ राहणार नाही; सर्व अवयवांसाठी असे पाये मिळाले की म मूळ ठरते. अवयव २ साठी पाया ३ चालतो, कारण ३ ला वर्गमूळ नाही. पाया २ चे चक्र १२७ चे आहे आणि म − १ मध्ये १२७ एकदाच येतो. त्यामुळे अवयव १२७ साठी तो उपयोगी पडतो आणि इतर एकाही अवयवासाठी पडत नाही. उरलेल्या अवयवांचे पाये प्रोग्रॅमने शोधले आणि प्रमाणपत्र पूर्ण झाले.

दोन्ही सिद्धता शेजारी ठेवल्या तर ल्युका यांच्या सिद्धतेची श्रेष्ठता उघड होते. म − १ कडून जाणाऱ्याला बारा मूळ अवयव हाताळावे लागतात आणि त्या प्रत्येकाचे मूळत्व वेगळे सिद्ध करावे लागते. म + १ कडून जाणाऱ्याला फक्त २ पुरतो.

५ ऑगस्ट २०२५

शेजारी तपासले. म − २ चा शेवटचा अंक ५ आहे आणि म + २ ला ३ ने भाग जातो, म्हणून म ला जुळी मूळ संख्या नाही. २म + १ म्हणजे २^१२८ − १, आणि ती फर्माच्या, म्हणजे २^(२^न) + १ या रूपाच्या, ३, ५, १७, २५७, ६५५३७, २^३२ + १ आणि २^६४ + १ या सात संख्यांचा गुणाकार आहे.

९ ऑगस्ट २०२५

१९५१ मध्ये म चा विक्रम मोडला तो दोन वेगळ्या प्रकारे. फेरिये यांनी हाताने चालवायच्या गणनयंत्राच्या साह्याने (२^१४८ + १) ÷ १७ ही ४४ अंकी संख्या मूळ असल्याचे दाखवले. त्याच वर्षी केंब्रिजच्या एडसॅक या संगणकावर मिलर आणि व्हीलर यांनी १८० × म^२ + १ ही ७९ अंकी संख्या मूळ ठरवली. २ ऑगस्टच्या नोंदीतील रीत येथे ओळखू येते: त्या संख्येतून १ वजा केला की १८० × म^२ उरते, तिचे सर्व अवयव माहीत आहेत, आणि त्यांतील मोठा अवयव मूळ असल्याचे पंचाहत्तर वर्षांपूर्वीच सिद्ध झालेले होते. म मागे पडली ती आपल्या उत्तराधिकारी संख्येची सिद्धता पुरवून, असे म्हणणे योग्य ठरेल.

आजही ती कामात आहे. १२८ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकांत मावणारी सर्वांत मोठी किंमत म हीच आहे. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधील कॉस्टेलो आणि लोंगा यांनी २०१५ मध्ये मांडलेला फोर-क्यू हा गुप्तलेखनासाठीचा लंबवृत्तीय वक्र (एलिप्टिक कर्व्ह) म च्या शेषगणितावरच उभा आहे, आणि त्याच्या वेगाचे एक कारण २० जुलैला वापरलेले तेच: वरचे १२७ बिट खालच्या १२७ मध्ये मिळवले की बाकी मिळते.

१४ ऑगस्ट २०२५

२^२ − १ = ३, २^३ − १ = ७, २^७ − १ = १२७, २^१२७ − १ = म. प्रत्येक उत्तर पुढच्याचा घातांक, आणि चारही मूळ. कातालान यांनी १८७६ मध्येच याकडे लक्ष वेधले. पुढची संख्या २^म − १. तिच्यात सुमारे ५.१ × १०^३७ अंक आहेत. ल्युका यांची कसोटी तिला तत्त्वतः लागू पडते, पण त्यासाठी म − २ पायऱ्या लागतील आणि त्यांतील एकही संख्या कोठे लिहून ठेवता येणार नाही. ती मूळ आहे की संयुक्त, हे आज कोणालाही माहीत नाही.

म साठी १२ जुलैला सोडून दिलेला भाजकांचा मार्गच येथे एकमेव उरतो. भाजक असलाच तर तो २ × क × म + १ या रूपाचा असेल आणि क ला ४ ने भागून ० किंवा १ उरेल. क = १ घेतला तर २^१२८ − १ मिळते, तिला ३ ने भाग जातो. क = ४ घेतला तर ८म + १ मिळते, तिलाही ३ ने भाग जातो. क = ५ घेतला तर १०म + १, म्हणजे म च्या ३९ अंकांपुढे १ लिहून होणारी चाळीस अंकी संख्या; तिच्या शेषगणितात २^म काढून पाहिला, बाकी १ येत नाही. ही तपासणी अवघ्या १२६ वर्ग-दुपटींत होते, कारण म च्या द्विमान रूपात १२७ वेळा १ आहे आणि २२८७ साठी हाताने वापरलेला जिना तसाच येथे लांबवता येतो. क = ८ आणि क = ९ साठी ३ ते २३ मधील कोणत्याही मूळ संख्येने सहज सुटका होते का, ते आधी पाहून मग प्रोग्रॅम चालवायचा आहे.